‘जगो’ नावाच्या माणसाची लेकरं

पेत्रोव्रिसी, १३ फेब्रुवारी २०२३

झीसिस,

“त्याचं काय, त्याला तर आम्ही वाटेवरून उचललाय.”

वांगेलिओ आत्या हे बोलली तेव्हा तिच्या हातात माशाच्या सुपाची वाटी होती आणि बाबांना माती देऊन आल्याला तासही झाला नव्हता. बावीस वर्षं झाली. ते वाक्य तुला अजून आठवत असेल असा माझा अंदाज होता. आज खात्री झाली.

तुझा अर्ज माझ्या टेबलावर आलाय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेली अकरा वर्षं मीच बसते, हे तुला ठाऊक नसेल. किंवा ठाऊक असेल आणि म्हणूनच तू तो श्टुटगार्टच्या वकिलामार्फत पाठवला असशील. जन्माच्या नोंदीची प्रमाणित प्रत हवी, आडनाव बदलण्यासाठी. कारणाच्या रकान्यात तू लिहिलंयस: “जन्माबद्दल खात्री नाही. पत्नीचे आडनाव घ्यायचे आहे.”

झीसिस फोग्ट. मी दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या फोतिनीनं विचारलं, हे कोण? मी म्हटलं, कुणी जर्मन आहे.

हे हाइकेच्या डोक्यातून आलंय का? मी तिला दोष देत नाही, फक्त विचारते. चौपन्नाव्या वर्षी माणसाला आपणहून असं सुचत नाही, कुणीतरी कानाशी लागलेलं असतं. की आत्यानं तुला पत्र लिहिलं? तिचे डोळे गेलेत, पण लिहून द्यायला तिला कुणीही मिळतं.

बाबांच्या त्या जेवणात तू माझ्याकडे वळून विचारलं होतंस, “हे खरं आहे?” आणि मी म्हटलं होतं, मला काय माहीत. मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आताही नाही. एवढंच सांगायचं होतं.

अर्जावरचा वकिलाचा शिक्का पुसट आहे. अशा अवस्थेत तो पुढे जाणार नाही. नवीन प्रत पाठव.

आरेती

•

९ मार्च

झीसिस,

नवीन प्रत मिळाली. रजिस्टर पोस्टानं, पोच पावतीसह. मी पाकीट उलटं करून झटकलं. आत दुसरं काही नव्हतं.

आता शिक्का स्वच्छ आहे, पण दुसरी अडचण आलीय. आपल्या नोंदवहीत तुझा जन्म ३ नोव्हेंबर १९६८ चा आहे. चर्चच्या वहीत तुझा बाप्तिस्मा १२ नोव्हेंबरला झालाय, म्हणजे नवव्या दिवशी. आपल्या गावात वर्षाच्या आत बाप्तिस्मा करत नाहीत, मूल अगदी जाण्याच्या बेतात असेल तरच. तू तर चार किलोचा होतास, असं आई सांगायची. आणि धर्मपित्याच्या नावापुढे धंदा म्हणून एकच शब्द आहे: वाटसरू. स्तेरिओस, वाटसरू. मी अकरा वर्षं या वह्या चाळते, असा धंदा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

हा तोच स्तेरिओस, जो तू बारा वर्षांचा होईपर्यंत ईस्टरला तुला मेणबत्ती पाठवायचा. नंतर थांबला. का थांबला, कुणी विचारलं नाही. आपल्या घरात कुणी काही विचारत नसे.

थोरल्या मुलाला आजोबांचं नाव देतात, हे काय तुला सांगायला हवं? आजोबा नाऊम होते. तू नाऊम व्हायला हवा होतास. त्याऐवजी झीसिस, म्हणजे ‘जगो’, झालास, आपल्या झीसोपुलोसांच्या घरात झीसिस. शाळेत पोरं काय करायची आठवतं? “जगो जगोचा! एक जगो कमी पडला म्हणून दुसरा जोडला!” मास्तरही हजेरी घेताना दोनदा ‘जगो’ म्हणून हसायचे. तू घरी येऊन आईला विचारायचास, मला नाऊम का नाही म्हणत? आणि आई म्हणायची, हात धुवून ये.

मी आत्याकडे गेले होते. ती सोयीनं बहिरी होते. मी अर्जाचं सांगितलं तर म्हणाली, “टाकायचंय त्याला नाव, तर टाकू दे. आपल्या घरात नावं टिकलीत कधी?” मग मी त्या जेवणाबद्दल विचारलं, तशी तिनं मलाच एक उलटा प्रश्न केला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

तोवर दोन तारखांचा खुलासा हवा. तुझ्याकडे काही कागद असेल तर पाठव.

आरेती

•

२ एप्रिल

झीसिस,

काल हाइकेचा फोन आला. ती ग्रीक छान बोलते. कधी शिकली? तुझ्याकडून शिकली असेल, तर तू घरात अजून आपली भाषा बोलतोस म्हणायचं.

ती भांडली नाही, हेच मला खटकलं. म्हणाली, “आरेती, एक सही आणि एक शिक्का. त्याला दीड महिना कशाला?” मी नियम सांगितले. तिनं ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तो रोज सकाळी टपालपेटी उघडतो. मी पाहते. बिलं काढून ठेवतो आणि परत आत हात घालून बघतो.”

तू माझं पत्र शोधतोस की प्रमाणपत्र? सांगणं अवघड आहे. दोन्ही एकाच पत्त्यावरून यायची आहेत.

मग ती म्हणाली की तिनंच तुला सुचवलं होतं, बहिणीची आणि तुझी तपासणी करून घ्या, थुंकी दिली की पंधरा दिवसांत उत्तर येतं, विषय संपला. तर तू म्हणालास, “मला रक्त नको तपासायला. ती त्या दिवशी गप्प का बसली, तेवढं मला कळू दे. तिला माहीत होतं.”

हे तुला कुणी सांगितलं? आत्यानं? की तू माझ्या तोंडाकडे बघून ताडलंस? मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, सकाळपासून उभी होते, पन्नास माणसांना कॉफी दिली होती. तशा तोंडावर कुणालाही काहीही दिसेल.

मी हाइकेला म्हटलं, लाइन खराब आहे. लाइन चांगली होती.

आरेती

•

२८ एप्रिल

झीसिस,

ख्रिस्त उठला. तुझ्याकडे अंडी रंगवतात का? मी बारा रंगवली, अंड्यावर अंडं आपटून फोडायला समोर फोतिनीची मुलगी होती. सगळी तिनंच जिंकली.

ईस्टरनंतर आपले पाद्री पापा-लाव्रेंतिस जरा मोकळे असतात. त्यांनी मला चर्चची सगळ्यात जुनी वही पाहू दिली, तुर्कांच्या काळातली, चामड्याच्या बांधणीची. ती कपाटातून काढताना म्हणाले, “नगरपालिकेला आता कशाला हवीय ही? कर लावणार का मेलेल्यांना?” आणि मी पानं उलटत असताना माझ्या मागेच उभे राहिले. त्यांना वाटलं मी एखादं पान फाडीन. त्यांचंही बरोबर आहे. गावात कुणी जुनी वही मागितली की आधी हाच विचार येतो, याला नक्की काय काढून टाकायचंय.

बाबा आपल्याला काय सांगायचे? पहिला झीसिस म्हणजे बंडखोरांचा सरदार, अंगात सात गोळ्या घेऊन जगला, म्हणून लोक त्याला ‘जगला’ म्हणायला लागले आणि त्याच्या पोरांना झीसोपुलोस. कॅफेत दोन ग्लास झाले की गोळ्या नऊ व्हायच्या.

वहीत गोळ्या नाहीत. १८४७ सालची नोंद आहे, शाई तपकिरी पडलेली. मी तशीच उतरवून घेतली: “खोगीर शिवणाऱ्या नाऊमची चार मुले वारली. पाचवा मुलगा आय-लियासच्या तिठ्यावर ठेवला. वाटेने येणाऱ्या एका परक्या बाईने उचलला आणि नाव दिले झीसिस, जगो म्हणून.”

जगला नाही, झीसिस. जगो. ते शौर्य नव्हतं, मागणं होतं. आणि तो जगला, त्याला सहा मुलं झाली, आणि गावानं त्यांना ‘झीसिसची पिल्लं’ म्हटलं. आपलं आडनाव एवढंच आहे. दारावरची पितळी पाटी, बाबांच्या थडग्यावरची अक्षरं, माझ्या सहीचा अर्धा भाग, सगळं त्या बाईनं वाटेत उभं राहून उच्चारलेल्या एका शब्दातून आलंय. ती कोण, कुठली, काही लिहिलेलं नाही.

ही रीत तुलाही माहीत आहे. घरात मुलं मरत राहिली की नवं मूल तिठ्यावर ठेवायचं, पहिला वाटसरू त्याला उचलतो, नाव देतो, घराच्या दारात आणून विचारतो, मला एक लेकरू सापडलंय, तुम्हाला हवं का? आणि आईनं परक्यासारखं म्हणायचं, हवं. मग मरणाला वाटतं हे यांचं नाहीच, आणि ते पुढच्या घरी जातं. आपण हे ऐकलं होतं, पण दुसऱ्यांच्या घरांबद्दल. त्यासाठी आधी गेलेली मुलं लागतात, आणि आपल्या घरात कुणी गेल्याचं आपल्या कानावर कधी आलंच नव्हतं.

ती गेली होती. माझ्याच कचेरीत, मृत्यूच्या वहीत आहेत. नाऊम, चाळीस दिवसांचा, १९६५. आणि एक मुलगा, बिननावाचा, अकरा दिवसांचा, १९६७. नाऊम हे नाव का राहिलं नव्हतं तुझ्यासाठी, ते आता तुला कळेल.

तू म्हणशील, ही मला पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं सांगतेय आणि बावीस वर्षांपूर्वीचं टाळतेय. आणि असंही म्हणशील की सगळ्या वह्या हिच्याच ताब्यात आहेत, हवं ते लिहील. मीही तुझ्या जागी तेच म्हटलं असतं.

अर्जात कसलीच चूक नव्हती. शिक्का पहिल्या वेळीही नीट दिसत होता.

आरेती

•

२० मे

झीसिस,

स्तेरिओस जिवंत आहेत. एलासोनाजवळ मुलीच्या घरी असतात, शहाऐंशी वर्षांचे, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. सगळे त्यांना बार्बा म्हणतात, काका म्हणावं तसं. मी आधी न कळवता गेले. कळवलं असतं तर आत्याचा निरोप माझ्याआधी पोचला असता, अशी मला शंका होती. आता लिहिताना त्या शंकेची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “झीसोपुलोस? तू ती धाकटी. तुला मी नाही उचललं.” मग मुलीला म्हणाले, हिला गोड काहीतरी दे, लांबून आलीय, आणि थोबाड बघ कसं झालंय, जप्तीवाल्यासारखं.

ते चार खेचरांवर चीज लादून उतरत होते. धुकं होतं. आय-लियासच्या तिठ्यावर पुढचं खेचर अडलं. बघतात तर वाटेत कणीक मळायची काठवट, तिच्यात घोंगडीत गुंडाळलेला तू, आणि खेचर तुझ्या तोंडाशी नाक नेऊन हुंगतंय. त्यांना रीत माहीत होती. ते वाकले. तेवढ्यात अक्रोडाच्या झाडामागून आई धावत आली, बाळंतीण, नऊ दिवसांची, अनवाणी. तिनं लपून राहायचं असतं. तिनं घरात बसून परक्यासारखं वाट बघायची असते. तिला खेचराची भीती वाटली.

बार्बा म्हणाले, “मी तिला म्हटलं, बाई, जरा थांब, मला उचलू तरी दे. तर म्हणाली, ‘उचल. पण माझ्या हातासकट उचल.’ तिनं काठवट सोडलीच नाही. आम्ही दोघांनी मिळून उचलला त्याला, असे वाकून, दोन चोर जसे पोतं उचलतात तसे.”

मागून आत्या आली आणि तिनं आकाशपाताळ एक केलं. मरणानं आईला पाहिलं, आता काही खरं नाही. म्हणून त्याच दिवशी पाद्र्याला उठवून, नवव्या दिवशी, बाप्तिस्मा झाला. दारात आणून द्यायचं राहूनच गेलं. बार्बा म्हणतात त्यांच्या हातून ते काम अर्धंच झालं. मेणबत्ती पाठवायची त्यांनी थांबवली कारण आत्यानं सांगितलं, मुलगा मोठा झाला, प्रश्न विचारतो, आता संबंध दिसू नये.

आता ते, जे मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं.

मला माहीत होतं. आईनं सांगितलं होतं, ती गेली त्याच्या आदल्या सप्टेंबरात, बाबा आजारी पडण्याआधी. आम्ही बरण्यांसाठी लाल मिरच्या भाजत होतो, दोघींचीही बोटं काळी झाली होती. ती खाली बघून म्हणाली, तुझ्याआधी तीन होते, एक राहिला. खेचराचंही सांगितलं, आणि सांगताना हसली. तुला कधी सांगू नकोस असं काही म्हणाली नाही. म्हणाली, “त्याला सांग कधीतरी, मला जमत नाही.” तिनं ते काम माझ्यावर सोपवलं होतं.

आणि आत्याचं ते वाक्य मला त्याच क्षणी कळलं होतं. घरात मरण आलेलं होतं, नुकतंच बाबांना घेऊन गेलेलं, अजून दारात रेंगाळत असेल. म्हणून ती मोठ्यानं बोलली, मरणाला ऐकू जावं म्हणून: हा आमचा नाही, याच्याकडे बघू नको. ती तुला हाकलत नव्हती, लपवत होती. तिच्या परीनं तू अजून काठवटीतच होतास. मार्चमध्ये तिनं मला जो उलटा प्रश्न केला तो हा: “मी म्हातारी, अडाणी. तू तर शिकलेली. तू त्याला का नाही सांगितलंस?”

का नाही सांगितलं. तू तीन दिवसांसाठी आला होतास. दोन वर्षं बाबांना मी चमच्यानं भरवलं होतं, कूस बदलून दिली होती, शेवटी ते मला आई समजायला लागले होते. आणि तू विमानतळावरून थेट चर्चमध्ये आलास आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडलास, आणि गावानं तुला मिठ्या मारल्या. मुलगा आला. तुला शवपेटीच्या डोक्याशी उभं केलं आणि मला स्वयंपाकघराकडे पाठवलं, उकडलेल्या गव्हावर साखर पसरायला. मग आत्या ते बोलली आणि तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या मनात आलं, एक दिवस, फक्त एक दिवस त्यांचं एकटंच मूल मी असावं. उद्या सांगीन.

तू त्याच संध्याकाळच्या बसनं गेलास. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या नंबरवर फोन लावला, तू उचललास, आणि मी ठेवून दिला. महिना उलटल्यावर सांगणं म्हणजे महिनाभर का नाही सांगितलं तेही सांगणं होतं. मग वर्ष झालं. तुझ्यावर संशय घेणं त्यापेक्षा सोपं गेलं: त्यालाच यायचं नसेल, त्याला निमित्त हवं असेल, बायकोनं भरवलं असेल. गेले तीन महिने मी हेच तुला लिहीत होते.

आरेती

•

१२ जून

झीसिस,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

प्रमाणपत्र सोबत आहे. सही माझी आहे, शिक्का स्वच्छ आहे, मी तीनदा पाहिला. आईचं नाव, बाबांचं नाव, तारीख, सगळं आहे. ते घेऊन तू हवं ते आडनाव लाव. मी अडवणार नाही, आणि खरं सांगायचं तर, अडवायचा अधिकार मला पहिल्यापासूनच नव्हता.

आत्याला मी तुझा अर्ज पुन्हा वाचून दाखवला. तिनं फक्त एवढं विचारलं, जर्मनीत त्या नव्या नावाचा अर्थ काय होतो? मी म्हटलं, राखणदार असा काहीसा होतो. ती म्हणाली, मग बरंय.

बार्बा स्तेरिओसांचा परवा फोन आला. मुलीनं लावून दिला. म्हणाले, पोराला सांग, मी जास्त दिवस नाही, गुडघ्यांनी आधीच निरोप घेतलाय. त्यांना तुला हाताला धरून आपल्या दारात आणायचंय, आणि दारात मी असावं असं त्यांचं म्हणणं आहे, रीतीप्रमाणे. मी त्यांना सांगितलं, एवढं मागायचं तोंड मला नाही.

म्हणून मी कमी मागते. दहा जुलैपासून सतरापर्यंत मी गावात नसेन. मैत्रिणीकडे समुद्राकाठी जाते आहे, तिकीट काढलंय. कचेरीत रजा टाकलीय, फोतिनीला विचार, ती खोटं बोलत नाही. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही, पेत्रोव्रिसीला यावंही लागणार नाही. थेस्सालोनिकीला उतर, एलासोनाची बस धर, त्यांचं घर चौकातल्या कॅफेत कुणीही दाखवील. ही पत्रं खोटी धरून जा. मला खोटी धरून जा. फक्त त्यांच्यासमोर बस आणि त्यांना विचार, त्या सकाळी माझ्या आईनं काय केलं.

तू नाही म्हणशील. तरी विचारते, जाशील का?